कुठली थेरपी कुणाला? आधी त्रासाचं रूप बघा

"मॅडम, मला सीबीटी पाहिजे." "मुलीला डीबीटी लागेल असं वाचलंय, इथं मिळेल का?" हल्ली पेशंट थेरपीचं नाव ठरवूनच येतात. सीबीटी म्हणजे विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारी थेरपी, डीबीटी म्हणजे भावनांचा भडका सांभाळायला शिकवणारी. कोल्हापुरात मी मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे. डॉक्टर तपासण्याआधीची सविस्तर मुलाखत मी घेते आणि पुढे कुणाला कुणाकडे पाठवायचं, या चर्चेत मी असते. लोकांना ही नावं माहीत झाली याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. काही त्रासांमध्ये थेरपीचा प्रकार अगदी नेमका लागतो. तिथं दुसरं काही घेत राहिलात तर वर्षं जातात. काही त्रासांमध्ये मात्र प्रकारापेक्षा समोर बसलेल्या माणसाशी तुमचं कसं जुळतं, यावर जास्त अवलंबून असतं. आपला त्रास यातला कुठला, ते ओळखायला मदत व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

थेरपीच्या आधी डॉक्टर कधी गाठायचे

कानात आवाज येताहेत, सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी खात्री झालीय, तीन-चार रात्री झोप नसूनही उत्साह उतू जातोय आणि कर्ज काढून खरेदी चाललीय, किंवा उदासी इतकी की जेवणही सुटलंय, असं असेल तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट. थेरपीला तिथंही जागा आहे, पण औषधानं मन जरा स्थिरावल्यावर. दारूचंही असंच. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं जिद्दीनं एका दिवसात बंद केली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. ती सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

सतत थकवा आणि उदासी असेल तर थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. थायरॉईड मंदावला की माणूस हुबेहूब नैराश्यातल्यासारखा दिसतो.

आणि मरणाचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर त्या माणसाला एकटं न सोडता थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा.

जिथं प्रकार नेमकाच लागतो

ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा होणाऱ्या कृती, या आजारापासून सुरुवात करते, कारण चुकीच्या उपचारात सर्वांत जास्त वर्षं मी याच पेशंटची गेलेली पाहते. सारखे हात धुणं, गॅसचं रेग्युलेटर पुन्हा पुन्हा बघणं ही रूपं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण देवापुढं हात जोडताना मनात घाणेरडी शिवी येणं, तान्ह्या बाळाला आपल्याच हातून इजा होईल या भीतीनं घरातल्या सुऱ्या लपवून ठेवणं, हीसुद्धा ओसीडीचीच रूपं. लाजेपोटी ती कुणी सांगत नाही. तुमच्या मनात असं काही येत असेल तर घाबरू नका. त्या विचारानं तुम्हाला धडकी भरते, कारण तो तुमच्या इच्छेविरुद्ध येतो. थेरपिस्टनं हे यापूर्वी पुष्कळदा ऐकलेलं असतं. तुम्ही निःशंक सांगा.

या त्रासाला ईआरपी लागते. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये लंडनमध्ये या उपचाराची दिशा दाखवली. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीनं सामोरं जायचं, आणि त्यानंतरचं धुणं, तपासणं, मनात माफी मागणं हे मुद्दाम करायचं नाही. बाहेरच्या घाणीची भीती असणारी बाई पहिल्या पायरीवर घरातल्या चपलेला बोट लावून पाच मिनिटं हात न धुता बसते. मधल्या पायरीवर बाजारातली पिशवी पलंगावर ठेवते. वरच्या पायरीवर एसटीचा दांडा धरून प्रवास करून येते आणि तशीच घरातल्या कामाला लागते. भीती आधी चढते, मग काहीही न करता आपसूक उतरते, आणि उतरली नाही तरी ती सोसता येते, हे शरीराला अनुभवानंच कळतं. नुसत्या गप्पांनी किंवा 'सकारात्मक विचार करा' म्हणण्यानं हे होत नाही. उलट दर आठवड्याला थेरपिस्टकडून 'काही होणार नाही' असं ऐकून येणं हेच नवं तपासणं होऊन बसतं.

घरच्यांनीही इथं बदलावं लागतं. "आई, झाला ना स्वच्छ?" या प्रश्नाला दिवसभर 'हो' म्हणणारी आई प्रेमानंच म्हणत असते, पण त्यामुळं चक्र फिरत राहतं. चांगला थेरपिस्ट घरातल्या एखाद्याला सेशनला बोलावतोच. त्यानं ईआरपीचं नाव काढलं नाही तर तुम्ही विचारा, आणि येत नसेल तर दुसरा शोधा. त्रास जास्त असेल तर गोळ्या आणि ईआरपी दोन्ही बरोबर चालतात.

पॅनिकचे पेशंट आमच्याकडं यायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलेले असतात. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, आता मरणार असं वाटणं. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. एकदा नीट तपासणी झाली की पुन्हा पुन्हा ईसीजी काढू नका. सीबीटीमध्ये थेरपिस्ट मुद्दाम तीच लक्षणं आणायला लावतो: खुर्चीत बसून गरगर फिरणं, बारीक नळीतून श्वास घेणं, जिने चढणं. धडधड म्हणजे धोका हे समीकरण त्यातून तुटतं. लिफ्ट, कुत्रा, इंजेक्शन अशा एकेकट्या भीतीलाही हाच सामोरं जाण्याचा मार्ग, आणि तो बऱ्याचदा थोडक्या सेशनमध्ये संपतो.

झोप न येण्याला गोळीशिवाय उपचार आहे हे फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून थोडं सांगते. सीबीटी-आय असं त्याला म्हणतात आणि जुनाट निद्रानाशाला जगभर पहिला उपचार म्हणून तोच सुचवला जातो. उठायची वेळ रविवारीसुद्धा एकच. अंथरूण फक्त झोपेसाठी. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सुरुवातीला अंथरुणात घालवायचा वेळ मुद्दाम कमी केला जातो. पहिले काही दिवस जड जातात, म्हणून कुणाच्या तरी देखरेखीखाली करा. बायपोलर किंवा फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

आता आघात. अपघात, लैंगिक अत्याचार, मारहाण, पूर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आमच्या भागात, विशेषतः शिरोळकडं, पाऊस वाढला की झोप उडणारी माणसं पुष्कळ भेटली. अशा घटनेनंतरच्या पहिल्या दिवसांत थेरपीची घाई नको. सुरक्षित जागा, जेवण, आपली माणसं, शांतपणे सोबत बसणारं कुणीतरी एवढं लागतं. 'बोल, सगळं सांगून टाक' असा आग्रह धरू नका. त्यानं फायदा होतोच असं नाही. बरीच माणसं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांपुढं येत असतील, त्या रस्त्यानं जाववत नसेल, छोट्या आवाजानंही दचकायला होत असेल, तर आघातासाठीची खास सीबीटी किंवा ईएमडीआर घ्यावी. ईएमडीआर ही फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ नंतर अमेरिकेत विकसित केलेली पद्धत. ती आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांकडं नजरेनं बघत राहायचं असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्हींची शिफारस केलेली आहे. घटनेबद्दल तपशिलात बोलणं ज्याला नकोसं वाटतं, त्याला ईएमडीआर जास्त सोसते. थेरपिस्टचं या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण झालंय का, हे जरूर विचारा.

उदास माणसाला आधी काय

नैराश्यात पर्याय बरेच आहेत आणि त्यातले अनेक जवळपास सारखेच उपयोगी पडतात. मला सर्वांत जवळची वाटते ती वर्तन सक्रियता, म्हणजे मन लागण्याची वाट न बघता हातपाय हलवायला सुरुवात करणं. माणूस उदास होतो, म्हणून घरात बसतो. बसल्यामुळं काहीच चांगलं घडत नाही, म्हणून आणखी उदास होतो. थेरपिस्ट तुमच्याबरोबर बसून आठवड्याचा कागद भरतो: कधी काय केलं, तेव्हा कसं वाटलं. मग त्यात छोट्या गोष्टी पेरायच्या. सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालणं, बहिणीला फोन, बंद पडलेली भिशी पुन्हा सुरू करणं.

या साध्या पद्धतीची मोठी परीक्षा आपल्या शेजारी गोव्यात झाली. 'संगत' या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ सेशन दिली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. तीव्र नैराश्याच्या पेशंटांपैकी ही सेशन मिळालेले ६४ टक्के लोक तीन महिन्यांनी नैराश्याच्या पातळीबाहेर आले होते. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. तालुक्याच्या गावात मोठ्या पदवीचा थेरपिस्ट नाही म्हणून निराश होणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

लिहिण्यावाचण्याची सवय नसलेल्यांना, 'विचार बदला' म्हटलं की बुजणाऱ्यांना ही पद्धत छान लागू पडते. उदासीचं मूळ अगदी अलीकडच्या बदलात असेल, म्हणजे बाळंतपण, निवृत्ती, नवऱ्याचं जाणं, सासरी न रुळणं, तर आयपीटी बघा. तिच्यात सगळं लक्ष त्या नात्यावर आणि बदलावर असतं, आणि ती साधारण बारा ते सोळा सेशनमध्ये संपते.

विचारांशी भिडणाऱ्या थेरपी

सीबीटी फिलाडेल्फियाच्या डॉ. अ‍ॅरन बेक यांची, १९६० च्या दशकातली. तिच्या आधी, १९५५ मध्ये, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी मांडली. महाराष्ट्रात ती 'विवेकनिष्ठ' या नावानं ओळखली जाते आणि ती इथं रुजवण्यात कि. मो. फडके आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांचा मोठा वाटा आहे. घटनेमुळं आपण कोसळत नाही, त्या घटनेबद्दलच्या हट्टी समजुतींमुळं कोसळतो, हा तिचा गाभा. 'मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत', 'सासूबाईंनी माझं कौतुक केलंच पाहिजे' यातला 'च' शोधायचा आणि त्याच्याशी वाद घालायचा. परीक्षेचं टेन्शन, नकार पचत नाही, सारखा राग येतो, चारचौघांत बोलताना पाय लटपटतात, अशांना ती खूप मानवते. वाद घालायला आवडणारी, घरचा अभ्यास करणारी माणसं यात भराभर पुढं जातात.

पण ती प्रत्येकाला देऊ नये, याबद्दल मी ठाम आहे. ज्या बाईला नवरा मारतो, तिच्या विचारांत दुरुस्ती करायला बसणं अन्याय आहे. तिला आधी सुरक्षितता हवी: १८१ ही महिला हेल्पलाइन, २००५ च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, माहेरचं एखादं खंबीर माणूस. थेरपी त्याच्या सोबतीनं. मूल गेलेल्या बापालाही पहिल्या काही महिन्यांत त्याच्या विचारांचं विश्लेषण नको असतं. त्याला ऐकून घेणारं कुणी हवं असतं.

जिथं माणूस जास्त महत्त्वाचा

ऐकून घेण्याचीही पद्धत आहे. अमेरिकेच्या कार्ल रॉजर्स यांनी ती उभी केली: थेरपिस्ट सल्ला देत नाही, निवाडा करत नाही, तुमचं म्हणणं तुमच्याच नजरेनं समजून घेत राहतो. दुःखात असलेल्यांना, लग्न-नोकरीच्या वळणावर अडकलेल्यांना, आयुष्यभर इतरांचं ऐकण्यातच गेलेल्या बायकांना ही फार उपयोगी पडते. 'ते काहीच सांगत नाहीत, नुसतं ऐकतात' अशी तक्रार घेऊन येणारेही असतात. त्यांना रचना आणि गृहपाठ असलेली पद्धत द्यावी.

सायकोडायनॅमिक थेरपी, म्हणजे जुन्या अनुभवांतून मनात नकळत रुजलेल्या गोष्टी उलगडत जाणं, ही लांबची वाट आहे. आठवड्याला एक सेशन, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त. भारतात हिचा इतिहास जुना आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच कलकत्त्यात मनोविश्लेषकांची संस्था काढली होती. प्रत्येक नोकरीत वरिष्ठांशी तसंच भांडण होतं, प्रत्येक नातं त्याच वळणावर तुटतं आणि का ते उमगत नाही, अशा माणसानं हिचा विचार करावा. पॅनिक किंवा ओसीडीसाठी मी हिच्याकडं आधी पाठवणार नाही.

या सगळ्या प्रकारांत संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळलेली एक गोष्ट म्हणजे थेरपिस्ट आणि पेशंट यांच्यातला विश्वास जितका घट्ट, तितका परिणाम चांगला. म्हणून पहिल्या दोन-तीन भेटींत 'हा माणूस मला समजून घेतोय का?' याचं उत्तर मनाशी द्या.

डीबीटीबद्दल इतकं विचारलं जातं, म्हणून स्पष्ट सांगते. सिअ‍ॅटलच्या मार्शा लिनहन यांनी ती स्वतःला इजा करणाऱ्या, भावनांचा क्षणात भडका उडणाऱ्या माणसांसाठी तयार केली, आणि त्यांच्यासाठी ती खरोखर जीव वाचवणारी आहे. २०११ मध्ये लिनहन यांनी आपणही तरुणपणी त्याच अवस्थेतून गेल्याचं जाहीरपणे सांगितलं. पूर्ण डीबीटीत वैयक्तिक सेशन, कौशल्यं शिकवणारा गट, आणि अडचणीच्या वेळी थेरपिस्टला फोन करायची सोय, हे सगळं येतं. आपल्याकडं मोठ्या शहरांबाहेर हे एकत्र मिळणं अवघड आहे. ऑनलाइन गट हा एक मार्ग आहे. मनगटावर वार करणाऱ्या मुलीला 'नाटक करते' म्हणणाऱ्या घरच्यांनी मात्र आधी ते वाक्य थांबवावं. तिला आत काहीतरी सोसेनासं झालेलं असतं.

एकट्याचा नसलेला त्रास

लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक काम आईवडिलांबरोबर होतं. सहा वर्षांच्या हट्टी, चंचल मुलाला आठवड्यातून एक तास समजावून फारसं बदलत नाही. घरात शाबासकी कधी द्यायची, दुर्लक्ष कधी करायचं, नियम कसे पाळायचे हे पालकांना शिकवलं की बदलतं. घाबरलेल्या, गप्प झालेल्या मुलांसाठी खेळातून केली जाणारी थेरपी आहे.

नवराबायकोनं एकत्र थेरपीला जावं, पण मारहाण चालू असताना नाही. खोलीत खरं बोलल्याची शिक्षा तिला घरी मिळू शकते.

स्किझोफ्रेनियात पेशंटइतकंच घराला शिकवावं लागतं. घरात सतत टीका, आरडाओरडा किंवा अति काळजी असेल तर आजार उलटायची शक्यता वाढते; कुटुंबाला आजार समजावून दिला की ती कमी होते. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन पेशंट आणि नातेवाइकांसाठी आधारगट चालवते. व्यसनात, सोडायचं की नाही यावर अजून हेलकावे खाणाऱ्या माणसाला उपदेश लागू पडत नाही. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत त्याच्याच तोंडून त्याची कारणं काढून घेते. राहून उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे, आणि सोबत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे गट आहेत.

थेरपिस्ट शोधताना

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असते. नोंदणी क्रमांक मागा. मागण्यात संकोच नको, चांगला माणूस तो आनंदानं देतो. समुपदेशक अशी पाटी मात्र थोडक्या दिवसांच्या कोर्सवरही लावलेली दिसते, म्हणून शिक्षण कुठं झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारा. पैशांची अडचण असेल तर आधी जिल्हा रुग्णालय गाठा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तिथं असते.

पहिल्या फोनवर किंवा भेटीत विचारायचं ते असं: माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही काम केलंय का? कुठल्या पद्धतीनं? साधारण किती सेशन लागतील, आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ओळखायचं? पाच-सहा सेशन झाल्यावरही आपण कशावर काम करतोय हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर थेरपिस्टशी तेच बोला. त्यानंही उलगडा झाला नाही तर बदला. बदलताना आधीच्याकडून छोटा रिपोर्ट मागून घ्या, म्हणजे सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

तुमचं बोलणं गुप्त ठेवलं जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद असतो, आणि लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना द्यावीच लागते. हे थेरपिस्टनं पहिल्याच दिवशी सांगायला हवं. जो एका बैठकीत बरं करण्याची हमी देतो, गेल्या जन्मात नेतो म्हणतो, डॉक्टरांच्या गोळ्या स्वतःच्या अधिकारात बंद करायला सांगतो, किंवा ज्याचा स्पर्श तुम्हाला खटकतो, त्याच्याकडं पुन्हा जाऊ नका.

पहिल्या भेटीला जाताना एक कागद सोबत ठेवा. त्रास कधी सुरू झाला, तेव्हा घरात काय चाललं होतं, कशानं वाढतो, कशानं थोडा कमी होतो, आत्तापर्यंत कुठल्या गोळ्या घेतल्या, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, आणि या त्रासामुळं तुमच्या आयुष्यातलं नेमकं काय थांबलंय. जुनी प्रिस्क्रिप्शनं त्यालाच टाचून घ्या. बोलताना रडू आलं आणि काही सुचेनासं झालं, तर तो कागद पुढं करा. मुलाखत तिथून सुरू करता येते.